डेल्मरची चकचकीत गाडी

आमच्या ओहायोतल्या शर्यतीच्या पट्टीवर डेल्मर हॉस्किन्सची जुनी लाल गाडी दिसली की मला शिसारी येते. हा गृहस्थ बायकोपेक्षा बॉनेटच जास्त कुरवाळतो. त्या शनिवारी मेव्हण्याला, कर्टिसला, एकदाचं हरवायचंच म्हणून आला होता. सरावात हिरवा दिवा लागला, डेल्मरनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी ढेकर देऊन जागीच गुदमरली.

"दाजी, ढकलू का?" कर्टिस ओरडला.

मी पट्टीवरचा मेकॅनिक. मी इंजिन बंद करायला लावलं, कार्बोरेटरचं झाकण उघडलं आणि त्याला पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. आत पेट्रोलची पिचकारी उडायला हवी, पण थेंब दिसेना.

"पेट्रोल उडवणाऱ्या पंपाचं रबर वाळलंय, डेल्मर. वर्षभर चादरीखाली ठेवून नुसती पुसत बसतोस! माझ्याकडे रबर आहे, आत्ता बदलतो."

"नको रे बाबा! तुझे तेलकट हात क्रोमला लागतील. उद्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे!"

शर्यतीत गाडी पुन्हा गुदमरली आणि कर्टिस केव्हाच पुढे निघून गेला. डेल्मर खाली उतरला, फडकं काढलं आणि बॉनेटवरची धूळ पुसू लागला. त्याची बायको वांडा भावाच्या गाडीत बसून घरी गेली. ते त्याला अजून कळलं नव्हतं. शी!