कुंदाबाईचा केशरी दगड

सोनगीरच्या किल्ल्यामागे कुंदाबाईचं शेत आहे. तिथे बांधावर एक काळा दगड आहे आणि त्यावर केशरी दगडफूल होतं. मसाल्यात घालतात ते नव्हे; हे खडकाला इतकं चिकटलेलं की नखानेही निघत नाही. त्याच दगडाच्या पायथ्याशी कुंदाबाईची सुलक्षणा पुरलेली आहे. दीड वर्षाची पोर तापाने गेली. एवढ्याशा मुलांना जाळत नाहीत. तेव्हा ते दगडफूल टिकलीएवढं होतं.

पोर वाढायची थांबली, दगडफूल वाढत राहिलं. निंदणीला आली की बाई आधी त्यावरून हात फिरवायची. नवऱ्याने पोरीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. तो गेला तोवर ठिपका तिच्या तळहाताएवढा झाला होता. तिला दुसरं मूल नाही.

गेल्या हनुमान जयंतीच्या तोंडावर शेजारच्या भूषणने दगडाचा फोटो मोबाइलवर टाकला. स्वयंभू मारुती, शेंदूर आपोआप उगवला! झालं, गाव लोटलं. तेलात शेंदूर कालवून अख्खा दगड माखला, वर चांदीचे डोळे चिकटवले. जे उगवलं म्हणून देव मानला, तेच आधी मारून टाकलं. काय अक्कल म्हणायची ही!

कुंदाबाई धावत आली. तिने हात पुढे केला, तसा भूषण आडवा झाला.

"अक्का, मारुतीले बाया हात लावतस नही. आठेथीनच पाया पडा."

मी तिच्या शेजारीच उभी होते; पोर तिथे पुरली हे ठाऊक असलेल्या आता आम्ही दोघीच उरलो होतो. माझं डोकं फिरलं. "सांगी दे ना, तुनी पोर शे आठे," मी तिच्या कानात म्हटलं.

"सांगू? देवनी जागा बाटनी म्हणतीन. तिले उकरी काढतीन."

ती खोटं बोलत नव्हती. या गावाला मी चांगलं ओळखते. मीही तोंड मिटलं आणि तेव्हापासून माझी मलाच चीड येते.

आता दर शनिवारी कुंदाबाई सगळ्यांच्या आधी येते, बायांना अडवायला बांधलेल्या दोरीबाहेर बसते आणि शेवटी उठते. तिच्यासारखी भक्ती कुणाची नाही, असं भूषण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. खूश होऊन तो दगडावरचा चिमूटभर शेंदूर खरवडतो आणि वरूनच तिच्या तळहातावर टाकतो. ती मूठ मिटते आणि मान खाली घालून घरी जाते.