सकाळच्या मुलीची नोंद

प्रसूतिगृहातले सगळे तिला संगणकताई म्हणत. एका सकाळी सर्व्हरची मुख्य डिस्क बंद पडली. तिने पहाटेच्या बॅकअपमधून अख्खं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला पूर्ण संगणक, नव्या सर्व्हरवर उभं केलं. मशीन सुरू झालं, पण नोंदींचा डेटाबेस काही केल्या उघडेना.

मोठ्या डॉक्टरीणबाई दारात आल्या. "मशीन तर चालू झालं, मग घोडं अडलंय कुठे?"

"तेच शोधतेय, बाई."

तिने एररचा मजकूर पुन्हा सावकाश वाचला. डेटाबेसला त्याची लॉग फाइल सापडत नव्हती. प्रत्येक बदल आधी त्या फाइलमध्ये लिहिला जाई आणि ती दुसऱ्या डिस्कवर असे. ती डिस्क बॅकअपमध्ये धरलेलीच नव्हती. मग सुचलं, बिघडली ती पहिली डिस्क, दुसरी कदाचित धडधाकट असेल.

जुन्या सर्व्हरमधून काढून तिने ती नव्याला जोडली. डेटाबेस लॉग वाचत वाचत उघडला. पहाटेनंतरच्या नोंदीही परत आल्या. शेवटची नोंद सकाळीच जन्मलेल्या मुलीची होती.

तिने आधी दुसरी डिस्क बॅकअपमध्ये घातली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती वॉर्डात बाळ बघायला गेली.