माझ्या मेसेजवर आलेला मोर्चा

आमच्या मंगळवार पेठंत माझ्याएवढा मोठा मोर्चा कुणी बोलावलेला न्हाय — दीडशे माणसास्नी, जाग्यावर बसून. आलं एक.

हसा, हसा. पण त्यातली खरी गोष्ट परवापतोर मी कुणाला सांगितली न्हवती. बायकोलाबी न्हाय.

मोबाइल नवा नवा आलता तवाची गोष्ट. आमच्या बोळातला सार्वजनिक नळ काढणार म्हणून नोटीस लागलती. बोळाच्या तोंडाला भाजी इकणारी शालनमावशी, गुडघ्यानं अधू — ती म्हणाली, समद्यांनी पालिकेच्या हापिसाम्होरं जाऊन बसूया. आन मी पंक्चरवाला काय म्हणालो? "मावशी, दारोदार कशाला हिंडतीस? मेसेज टाकतो की!"

रिचार्जच्या दुकानदाराकडनं मेसेज लिहून घेतला आन दिला धाडून. दोन दिवस फोन टिंग-टिंग वाजतोय. दर टिंगला मी मावशीला वरडून सांगायचो — आणि एक आला! आणि एक!

आता हितं अडतंय बघा... मला त्ये वाचताच येत न्हवतं. दुसरीतनं शाळा सुटल्याली. दुकानाची मराठी पाटी कशीबशी वाचतोय, पण मेसेज समदं इंग्रजी अक्षरातलं. टिंग वाजलं म्हंजे माणूस यायलाय — हे माझं मीच ठरवलं. कुणाकडनं वाचून का घेतलं न्हाय? लाज. पुढारी झालतो न्हवं!

सोमवारी धाला मावशी रिकामी घागर घेऊन गेटम्होरं बसली. मी रस्त्याच्या पल्याड, चहाच्या गाड्याआड. जरा माणसं जमू देत, मग जाऊ — असं म्हणत तीन कप चहा झाला. कोण न्हाय. शेवटी फोन चहावाल्याला दिला, वाच म्हटलं. त्यो वाचत गेला — जमणार नाही. कामावर आहे. तू कोण? आन बाकी ढीगभर — आमचा पाठिंबा आहे. पाठिंबा आहे. पाठिंबा आहे.

जाऊ का? लोक हसतील. न्हाय गेलो तर? तवर शिपाई भायेर आला. "मावशी, बाकीचा मोर्चा कुठाय?"

"यायलेत की," ती म्हणाली. "मेसेज गेलाय."

बारा पावलांचा रस्ता. पाय उचललाच न्हाय — उचलला, पण मागं. मागल्या बोळानं पळालो.

सांजचं तिला सांगितलं, इचलकरंजीला अडकलतो. आठवड्यात नळ गेला. बोळातली माणसं तिलाच 'एकटीचा मोर्चा' म्हणून चिडवाय लागली, आन मीबी हसायचो त्यांच्यात. काय करणार — न्हाय, काय करणार काय? हसायचं न्हवतं, एवढंच करायचं हुतं. मावशी पार तालमीजवळच्या नळावरनं पाणी आणायची, धा पावलं झाली की घागर टेकायची. दुकानाम्होरनं गेली की मी ट्यूब बघत बसायचो. हवा भरल्याली ट्यूब.

परवा तिच्याकडं गेलतो. आता खाटंवरच असती. समदं सांगितलं. वाचता येत न्हवतं, हे जरा मोठ्यानंच सांगितलं.

मावशी म्हणाली, "मुडद्या, रस्ता वलांडाय काय वाचाय यावं लागतंय?"