कॉफीचे पैसे वेगळे

"मॅडम, पैसे आहेत हो! फक्त दुसऱ्या अकाउंटला आहेत," लॅपटॉप माझ्याकडे फिरवत निखिल म्हणाला. "एक ट्रान्सफर मारला की झालं."

मी सीए. चामराजपेटेतल्या एका छोट्या मराठी सेवा क्लबचं ऑडिट बरीच वर्षं करते. निखिल तिथला नवा खजिनदार. मूळचा पुण्याचा, शहरातच पण लांब एचएसआर लेआउटला राहणारा आयटीवाला. अशा क्लबची दोन खाती असतात. देणग्या सेवेच्या खात्यात. इथे त्या गरजू रुग्णांच्या डायलिसिसला जातात. सभासदांची वर्गणी ॲडमिनच्या खात्यात; त्यातून कॉफी, हॉलचं भाडं आणि माझी फी.

जुने सभासद काही वारले, काही मुलांकडे परदेशी गेले. ॲडमिनला गळती लागली, भाडं थकलं. मालकाने हॉल रिकामा करायला सांगितलं. बसायला जागा नाही म्हणजे क्लब मोडल्यात जमा, आणि मग रुग्ण वाऱ्यावर.

"देणगीदारांना विचारून उसने घेता येतील," मी वाट दाखवली.

अध्यक्ष वेंकटराव अण्णांचं चिकपेटेत साड्यांचं पिढीजात दुकान. ते हसून कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "विचारलं तर नको कोण म्हणेल, अक्का? म्हणूनच विचारायचं नाही. त्यांनी डायलिसिसला दिलेत, आमच्या कॉफीला नाही. हॉल सोडू. स्वल्प अडचण होईल, माझ्या दुकानात बसू."

थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं झालं. दुकान बंद झालं की गादीवर, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून मीटिंग भरू लागली.

क्लबात एक जुनी गंमत आहे. उशीर झाला, फोन वाजला, कुणी बढाई मारली, की दंड. तो ॲडमिनला जातो. हॉलवर सगळे वेळेत यायचे, बहुतेक तर पायीच, त्यामुळे दंडाचा डबा रिकामाच. चिकपेटेच्या गर्दीत मात्र सगळ्यांनाच उशीर होऊ लागला. सगळ्यात जास्त निखिलला.

"अण्णा, सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो!"

"सरी, सरी. टाक डब्यात."

वर्षअखेर ॲडमिनमध्ये शिल्लक पडली. माझी फीसुद्धा वेळेवर आली! डायलिसिसच्या पैशाला कुणी हात लावला नव्हता.

निखिलला मी हळूच विचारलं, "मेट्रोने का येत नाहीस रे?"

"मग कॉफी कोण पाजणार, मॅडम?"

मला भरून आलं. सभेत उठून म्हणाले, "इतका चोख कारभार मी मोठमोठ्या कंपन्यांत पाहिला नाही."

"ऑडिटरने कौतुक करायचं असतं का, अक्का?" अण्णांनी डबा पुढे केला. "दंड!"

धडा एवढाच : खाती वेगळी ठेवावीत, आणि ऑडिटरने सभेला जाताना सुटे पैसे न्यावेत.