मागची फुटरेस्ट

"एकच चहा सांगितला तिनं? मंग मागच्याले?"

ढाब्यावरची बाई आत नवऱ्याला विचारत होती. हळूच, पण मला ऐकू आलं.

"एकटीच हाय ते पोरगी. तुले काय दिसून राहिलं सकाळी सकाळी?"

"मले डोये हायेत. मागं बसून होता ना एक माणूस."

मी गरम ग्लास दोन्ही हातांत धरून बोटं शेकत बसले होते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही... या सदरातले अनुभवही मी आजवर वाचून सोडून दिले. म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

मी नंदनवनला राहते. बाबा आजारपणात गेल्यापासून त्यांची जुनी मोटरसायकल अंगणात उभी होती आणि आई ती मामाला देणार होती. मी सहसा हट्ट करत नाही, या वेळी केला. आई म्हणाली, "छिंदवाड्याला मावशीकडे एकटी जाऊन ये. नीट आलीस तर गाडी तुझी. अर्ध्यातून परतलीस तर मामाची."

निघताना मी मागची दोन्ही फुटरेस्ट वर दुमडली. गाडी ढकलताना पोटरीला लागत होती. गंजलेली होती, टाचेने मारून मारून वर केली.

लहानपणी मी बाबांच्या मागे बसायची. हेल्मेट आणि वाऱ्यामुळे बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आमचं ठरलं होतं – खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. बाबा कारण न विचारता थांबायचे. म्हणायचे, "थकवा चालवणाऱ्याले समजत नाही, मागच्याले समजते." आणि "बसली का वं?" विचारल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही.

सावनेर मागे पडलं तेव्हा दाट धुकं होतं. थंडी होती, पण मी छान चालवतेय असं मला वाटत होतं. बऱ्याच वेळाने उजव्या खांद्यावर थाप पडली... आणि लगेच दुसरी. जाड जॅकेटवरूनही तळहाताचं वजन कळलं. आरशात फक्त धुकं.

मी ब्रेक दाबायला गेले, तर बोटं मिटेनात. थंडीने पार बधिर झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. पायाच्या ब्रेकवर कशीबशी थांबले. समोर ना ट्रक, ना खड्डा. बाजूला हा ढाबा, आणि पुढे घाट.

चहा पिऊन गाडीजवळ आले. मागची दोन्ही फुटरेस्ट उघडी होती.

रस्त्याच्या धक्क्यांनी उघडली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मग एक टाचेने वर करून पाहिलं. हललं नाही.

गाडी आज आमच्याच अंगणात आहे. फुटरेस्ट तशीच आहेत, आईने त्याबद्दल काही विचारलेलं नाही. थंडीने डोकं बधिर झालं असेल म्हणावं, तर त्या बाईला काय दिसलं?

त्या सकाळी मी निघताना ती ढाब्याच्या दारात उभी होती. हातात दुसरा ग्लास, नजर माझ्या मागे. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. बाबा गेल्यापासून 'बाबा' हा शब्द तर मी घरातही उच्चारला नव्हता. मी गाडी सुरू केली, क्लच दाबून धरला आणि मागे न बघता विचारलं,

"बसले का, बाबा?"