सखारामचं मुकं सोंग

सखाराम गेल्याचं मला महिन्याने कळलं. पातूरचा एक गाडीवान अमरावतीच्या कापूसबाजारात भेटला. तंबाखू मळता मळता म्हणाला, "तुमचा तो सोंगाड्या गेला ना बाप्पा. तुमाले माईत नाई?" माझा सोंगाड्या! पंधरा वर्षांत मी त्याचं तोंड पाहायला गेलो नव्हतो. पातूर काही विलायतेत नाही. पाय उचलत नव्हता, एवढंच.

विलायतेला आमच्या कापसाची भूक लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. भाव रोज चढायचा, वलगावचे शेतकरी चांदीची कडी घालून बाजारात मिरवायचे, आणि सौदे आटोपले की सगळ्यांना करमणूक हवी असायची. सखाराम सोंग काढायचा, मी ढोलकी धरायचो. तोंडाला रंग लागला की पुसेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा त्याचा नेम. हुकमी सोंग सौद्याचं. दलाल आणि शेतकरी रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात ना, तसा तो स्वतःचाच डावा हात उजव्या हातात रुमालाखाली धरायचा. डावीकडे वळला की शेतकरी, उजवीकडे वळला की दलाल. बोटं कोणालाच दिसत नसत. पण दलालाची भुवई हलली, शेतकऱ्याच्या पायाचा अंगठा मातीत रुतला, की मागच्या रांगेतल्या माणसालाही भाव कळायचा! शेवटी दलाल कानाची पाळी चोळायचा आणि हसून हसून लोकांची पुरेवाट व्हायची. ती खोड अर्ध्या बाजाराला होती. प्रत्येकाला वाटायचं, हे शेजारच्याचं चाललंय.

मला मात्र आत कुठेतरी जळायचं. हशा सगळा त्याचा, आणि मी नुसता बडवतोय... एकदा एक बडा अडत्या पुढे बसून डोळे पुसत हसत होता. सखारामने कान चोळला आणि मी मान खाली घालून ओरडलो, "अरे, हे तर आपले शेटजी!" वर नावही घेतलं. ते इथे लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे. हशा दुप्पट झाला, मी खूश. गर्दीत कोण ओरडलं ते कोणाला कळलं नाही, पण शेटजी ताडकन उठला. "माह्यं सोंग करून राहिला काय बे? कोनं शिकवलं तुले?"

सखारामच्या तोंडाला रंग होता. त्याने माझ्याकडे पाहिलं... बोट दाखवलं नाही. मी म्हणायला हवं होतं, नाव माझ्या तोंडचं आहे, त्याच्या सोंगात कोणाचंच नव्हतं. मी ढोलकीची दोरी आवळत बसलो. शेटजीच्या माणसांनी त्याला बडवलं आणि बाजार त्याला कायमचा बंद झाला. तो पातूरला जाऊन परक्याच्या वावरात राबायला लागला. मी दुसरा जोडीदार शोधला. लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा गेलो एकदाचा पातूरला, सखारामच्या घरी. त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त "अमरावतीचा" एवढंच सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, घरातला खांब दाखवला. सखाराम टेकून बसायचा तिथे तेलकट डाग पडला आहे.

"रोज पोराईले सौद्याचं सोंग करून दाखवत," वहिनी म्हणाल्या. "पन त्यात अजून एक मानूस होता." आणि त्यांनी करूनच दाखवलं. मांडीवर ढोलकी, मान डोलते आहे, तोंड एकदम उघडतं, लगेच त्यावर हात बसतो आणि नजर जमिनीत जाते.

"पोरं लोटपोट होत. मंग हे या खांबाले टेकून गप बसत. कोन हाय हा, म्या कितीकदा इचारलं. मरेपर्यंत नाव नाई सांगतलं. तुमी तिकडलेच ना भाऊ... तुमाले माईत हाय?"

"नाही," मी म्हणालो, आणि उठलो.

वहिनी, कोणी हे तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. तो मी होतो.