आईच्या नावावर टाकलेलं दुखणं

"हात ठेवून दाखवा. नक्की कुठं दुखतं?"

सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला. शिफ्ट सुरू होण्याआधीची पाच मिनिटांची मीटिंग. चाळीस जण ओळीत उभे, त्यांत बायका सहाच. आदल्या दिवशी मी छातीत दुखतं म्हणून अर्धी रजा मागितली होती. मी हात ठेवला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "राव, मॅडमचं दिल दुखतंय." ओळ हसली. तोही हसला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "आई गेल्याचं टेन्शन आहे तुमचं. होतं असं. कामात मन रमवा."

चाकणच्या त्या कंपनीत मी गाडीच्या दरवाजाला रबराची पट्टी बसवते. अंगाचा सगळा भार टाकून, तळहातानं पट्टी खाचेत दाबत न्यायची. एक दरवाजा झाला की पुढचा. माझं एम.ए. झालंय, हे तिथं कुणाला सांगितलेलं नाही.

छातीच्या मधल्या हाडाशेजारी, उजवीकडे दुखतं. खोल श्वास अर्ध्यात तुटतो. शिंक येईल याची भीती वाटते. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की बसावंसं. कंपनीच्या बसमध्ये पुस्तक उघडायचं, एक ओळ वाचायची, मिटायचं. पुन्हा उघडायचं.

कंपनीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून घेतला. नॉर्मल. टेबलापलीकडूनच विचारलं, "घरी काही झालंय का?"

"आई वारली."

त्यांनी मान हलवली. गुंगीची गोळी लिहून दिली. घराजवळ, पुनावळ्यातल्या दवाखान्यात ॲसिडिटी म्हणाले.

लाज वाटते, पण लिहिते. दुखणं आईच्या जाण्याचंच, हे मीही मानलं. आई गेल्यावरच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, मी रडले नव्हते. नातेवाईक बघत होते. मला वाटलं, डोळ्यांतून आलं नाही ते छातीत साचलं. दुखलं की वाटायचं, आई आहे. म्हणून औषधं नीट घेतली नाहीत. दुखणं जपलं.

शेवटी मामेबहीण ओढूनच पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाई दमलेल्या, बाहेर ही रांग. त्यांनी बरगडीच्या टोकावर बोट दाबलं. मी ओरडले.

"हेच ना? काम काय करता?"

मी हवेतच दरवाजा दाबून दाखवला.

"बरगडी छातीच्या हाडाला जुळते तिथं सूज आहे. रोज एवढा जोर लावल्यावर दुसरं काय होणार? कधीपासून दुखतंय?"

"सव्वा वर्ष."

बोलले आणि मनात महिने मोजले. आईला जाऊन सात महिने झाले होते. माझं दुखणं तिच्या आधीचं. तिनंच तर तव्यावर फडकं गरम करून मला शेकलं होतं. लोकांनी इतक्यांदा सांगितलं, की मी हे विसरले. माझ्याच आईचा हात विसरले.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी एक टाईप केलेला कागद पुढं केला. 'मातृशोकामुळे मानसिक ताण. कामाशी संबंध नाही.'

"सही करा ताई, पॅकिंगला हलकं काम देतो. तुमच्याच भल्याचं आहे."

हलकं काम मला हवं होतं. श्वास तुटायचा तेव्हा तर फारच हवं होतं. कागद मी दोनदा वाचला. त्या दोन्ही ओळींवर काट मारली. वर लिहिलं, 'पट्टी बसवण्याच्या कामामुळे.' मग सही केली.

"हे चालणार नाही."

"मग माझी सही मिळणार नाही."

"पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय तुमचं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

आता कामगार खात्याला अर्ज लिहिते आहे. सावकाश, खाडाखोड करत. त्यात आईचा उल्लेख नाही. काम काय, हात कुठला, शिफ्टमध्ये दरवाजे किती, दुखणं कधीपासून, एवढंच. लाईनवरच्या दोघींनाही तिथंच दुखतं. त्या सही करणार आहेत. तिसरी घाबरते. तिच्यासाठी खाली जागा सोडली आहे. ती आली नाही तरी सोमवारी अर्ज देणार. कंत्राट गेलं तरी मागं घेणार नाही.